अंगणातील फलवृक्ष : बीजापासून फळापर्यंत

चिकित्सेच्या चतुष्पादांत भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी अशी गणना आहे. द्रव्याचे स्थान वैद्याच्या लगतचे आहे, आणि द्रव्याच्या गुणांत बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना व संपत् हे चार गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत. यांपैकी संपत्, म्हणजे रस-वीर्यादींनी परिपूर्ण असणे, हा गुण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती राहिलेला नाही. आपण काष्ठौषधींच्या दुकानात यादी देतो आणि येईल तो माल घेतो. आवळकाठी कोणत्या वर्षीची, जांभूळबी कोणत्या झाडाची, बेलगर कोवळ्या फळाचा की पिकलेल्या, हे विचारण्याची सोय नसते, आणि विचारले तरी उत्तराची खात्री नसते.

सर्वच द्रव्ये स्वतः पिकविणे वैद्याला शक्य नाही. परंतु आपल्या नित्य उपयोगातील बरीच द्रव्ये ही फळे आहेत आणि त्यांचे वृक्ष घराच्या किंवा चिकित्सालयाच्या अंगणात वाढू शकतात. रोपवाटिकेतून कलम आणण्याऐवजी हे वृक्ष बीजापासून कसे वाढवावेत, कोठे बीज उपयोगी पडते आणि कोठे पडत नाही, याचा ऊहापोह या लेखात आम्ही करणार आहोत. विवेचनासाठी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील चौकडी आम्ही घेतली आहे. ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज यांच्या सामग्रीने जसा अंकुर उत्पन्न होतो तसाच गर्भ, असे तेथे म्हटले आहे. गर्भासाठी दिलेला अंकुराचा तो दृष्टांत येथे आपण अंकुरासाठीच वापरू.

बीज

आरंभी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही जांभळाची रोपे करण्याचे ठरविले आणि आमच्याच औषधालयातील डब्यातून चांगल्या, टपोऱ्या, कडक वाळलेल्या शंभर बिया घेऊन पिशव्यांत पेरल्या. दीड महिना पाणी घातले. एकही बी उगवली नाही. माती बदलून पुन्हा पेरल्या, तरी तेच. पुढे एका वृद्ध माळ्याने त्या बिया हातात घेतल्या आणि म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, ही बी मेलेली आहे. औषधाला चालेल, पेरायला नाही.’’

या एका वाक्यात बीजशास्त्राचा मोठा भाग सामावलेला आहे. बीजांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एक वर्ग वाळविणे सहन करणारा, तर दुसरा वाळताच मरणारा. जांभूळ, आंबा, फणस व कोकम ही दुसऱ्या वर्गातील आहेत. जांभळाच्या बीची उगवणशक्ती फळातून काढल्यापासून साधारण दहा ते पंधरा दिवसांत नष्ट होऊ लागते. फणसाची आठळी व कोकमाची बी ताजी असतानाच पेरावी लागते. आंब्याची कोय महिन्याभरात जमिनीत गेली पाहिजे. औषधासाठी जो गुण आपल्याला हवा, म्हणजे बी पूर्ण कोरडी असणे, तोच या वर्गातील बीजाचा मृत्यू होय. म्हणून औषधी बी आणि पेरणीची बी यांची साठवण एकत्र करू नये. फळ खाल्ल्यावर बी धुवावी, सावलीत एक दिवस ठेवावी आणि लगेच पेरावी.

पहिल्या वर्गात आवळा, सीताफळ, हिरडा, बेहडा यांचा समावेश होतो. आवळ्याची आठळी कठीण असते. पूर्ण पिकलेल्या फळांचा गर काढून आठळ्या उन्हात ठेवल्या की काही दिवसांत त्या आपोआप तडकतात आणि आतील तपकिरी, त्रिकोणी बिया बाहेर पडतात. एका आठळीत बहुधा सहा बिया असतात. पाण्यात टाकल्यावर तरंगणाऱ्या बिया काढून टाकाव्यात, बुडालेल्या तेवढ्या घ्याव्यात आणि पेरणीपूर्वी एक दिवस भिजवाव्यात. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतो. जुन्या बीजाची उगवण घटत जाते, म्हणून मागील हिवाळ्याचेच बीज वापरावे.

बेलाचे बीज चिकट गरात गुंतलेले असते. तो गर राखेने वा वाळूने चोळून धुतल्याशिवाय पेरू नये, अन्यथा बुरशी धरते. त्यास सुप्तावस्था नसल्याने ताजे बीज दोन-तीन आठवड्यांत उगवते. हिरडा मात्र धीराची परीक्षा पाहतो. येथे औषधी भाषेतील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळहिरडा हे कोवळे, अपक्व फळ असल्याने त्यात पेरण्याजोगे बीज नसते. झाडाखाली आपोआप गळलेली, पिवळसर, पूर्ण पक्व फळे गोळा करावीत, गर काढून आठळी वाळवावी, तिचे टोक आतील गराला इजा न होता कानशीने घासावे आणि दोन दिवस थंड पाण्यात भिजवून पेरावी. एवढे करूनही उगवण कमी व विषम होते, म्हणून गरजेच्या अनेकपट बीज पेरावे.

बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात वराहमिहिराने बीज दुधात भिजविणे, तुपाच्या हाताने चोळणे, शेणात घोळविणे व धुरी देणे असे संस्कार सांगितले आहेत. कवठाच्या बीजासाठी तर निराळा विधी दिला आहे. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा ग्रंथ १९९६ साली इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध झाला, त्यातही बीजसंस्कारांचे विस्तृत वर्णन आहे. आम्ही स्वतः धुतलेली बी ताज्या शेणाच्या पातळ रबडीत घोळवून, सावलीत सुकवून पेरतो. जांभूळ व फणसासारख्या बीजांना मात्र सुकविण्याचा हा संस्कार करू नये.

बीजाचे रोप मातृवृक्षासारखे होईल काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि याचे उत्तर वृक्षागणिक वेगळे आहे. बहुतेक फळझाडांत परपरागीभवन होत असल्याने बीजाचे रोप मातृवृक्षासारखे निघेलच असे नाही. कापा फणसाच्या आठळीतून बरका निघू शकतो. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. कारण तिच्यात एकच गर्भ असतो आणि तो दोन वृक्षांच्या संयोगाचा असतो.

याला अपवाद आहेत. कागदी लिंबाच्या एका बीत एकाहून अधिक गर्भ असतात. त्यांतील बहुतेक गर्भ संयोगाविना, मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार होतात. म्हणूनच कागदी लिंबाची लागवड बीजापासून यशस्वी होते आणि रोपे बहुतांशी एकसारखी निघतात. एका बीतून दोन-तीन कोंब आल्यास अगदी दुबळा व निराळ्या पानांचा कोंब काढून टाकावा. जांभळाच्या बीतही अनेक गर्भ असतात. आंब्यांत पश्चिम किनाऱ्यावरील काही जाती अशा बहुगर्भी आहेत.

कोकमाच्या बाबतीत दुसरीच अडचण आहे. आमच्या मागील अंगणात आम्ही एक कोकमाचे रोप बीजापासून वाढविले. उत्तम पाने, देखणा शंकूसारखा आकार. आठव्या वर्षी फुले आली आणि तो नरवृक्ष निघाला. कोकमात नर व मादी वृक्ष वेगळे असतात, बीजाच्या रोपांत सुमारे निम्मे नर निघतात आणि फुलोऱ्यापर्यंत ते ओळखू येत नाहीत. आठ वर्षे ही वैद्याच्या आयुष्यात लहान गोष्ट नव्हे. म्हणून वृक्षाम्ल हवे असेल तर मादी वृक्षाच्या काडीचे मृदुकाष्ठ कलम घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात १९९७ साली प्रसारित केली, तिची कलमे मिळतात. आमचा नरवृक्ष आम्ही तोडला नाही. त्याच्यामुळे परिसरातील मादी वृक्षांना पराग मिळतो. पण फळे शेजाऱ्यांच्या अंगणात लागतात, एवढे खरे.

वराहमिहिरानेही डाळिंब, द्राक्ष, बीजपूर इत्यादी वृक्ष शेणाचा लेप देऊन फांदीपासून लावण्यास सांगितले आहे. बीजपूर या नावाचा अर्थच ‘बीजांनी भरलेला’ असा असूनही महाळुंग फांदीपासून लावावे, यामागे अनुभव असला पाहिजे. हिंग्वादी गुटिकेसाठी ज्यांना मातुलुंगरस लागतो त्यांनी चांगल्या झाडाची छाटाची काडी आणावी, हे उत्तम.

मग बीजापासून झाड लावण्याचा लाभ कोणता? पहिला लाभ सोटमूळ. जागेवरच बी पेरलेल्या झाडाचे सोटमूळ अखंड राहते व ते अवर्षण अधिक सहन करते. दुसरा लाभ दीर्घायुष्य. तिसरा लाभ वैविध्य, आणि त्यातूनच उत्तम वृक्ष सापडतो. पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. चीमा यांनी ‘आळंदी’ डाळिंबाच्या बीजरोपांतून १९३६ साली एक झाड निवडले. तेच पुढे ‘गणेश’ या नावाने महाराष्ट्रभर पसरले. सरदार पेरू, म्हणजे लखनौ-४९, हादेखील १९२७ साली तेथेच बीजरोपांतून निवडला गेला. कलम हे निवडलेल्या झाडाची प्रतिकृती असते, परंतु निवड करण्याजोगे नवे झाड बीजातूनच येते.

ऋतु

निसर्गाने बीजाचा स्वभाव व फळ पिकण्याचा ऋतु यांची सांगड घातलेली आहे. जांभूळ, फणस, आंबा, कोकम ही फळे ग्रीष्माच्या अखेरीस, वर्षाऋतूच्या तोंडावर पिकतात. बी खाली पडताच तिला ओली माती मिळते, म्हणून वाळणे सहन करण्याची तिला गरजच पडली नाही. आवळा हेमंत-शिशिरात पिकतो. त्याच्या बीजाला पावसापर्यंत कोरड्या जमिनीत थांबावयाचे असते, म्हणून ते कठीण आठळीत सुरक्षित राहते. एवढे लक्षात ठेवले तर कोणते बीज साठवावे आणि कोणते नाही, हे पाठ करावे लागत नाही.

आवळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचा फुलोरा वसंतात येतो, परंतु फळ संपूर्ण ग्रीष्मात दिसण्याजोगे वाढत नाही. वर्षाऋतूत ते वाढीस लागते. फुले आली पण फळ नाही म्हणून अनेक जण उन्हाळ्यात झाडाला अतिरिक्त खत-पाणी देतात, ते अनावश्यक आहे. मात्र आवळ्याचे एकच झाड असल्यास फळधारणा अल्प होते. परिसरात दुसऱ्या जातीचे वा बीजरोपाचे झाड असणे हिताचे असते. येथे बीजाचे झाड कलमाच्या उपयोगी पडते.

क्षेत्र

पिशवीसाठी दोन भाग गाळाची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण घ्यावे. बी तिच्या जाडीच्या सुमारे दुप्पट खोल पेरावी. पिशवी शक्य तितकी उंच असावी, कारण उथळ पिशवीत सोटमूळ तळाशी वेटोळे घेते आणि असे झाड पुढे वादळात उन्मळते. एक वर्षाहून अधिक काळ रोप पिशवीत ठेवू नये. जागा निश्चित असेल तर खड्ड्यातच तीन-चार बिया पेरून सशक्त रोप राखणे हे सर्वांत चांगले.

खड्डा वैशाखात खणून उन्हाने तापू द्यावा. आवळा, जांभूळ, बेल यांसाठी एक मीटर लांब, रुंद व खोल, तर लिंबासाठी याच्या साधारण निम्म्या मापाचा पुरेसा होतो. तळाशी पालापाचोळा, वर शेणखत, माती व थोडी निंबोळी पेंड भरावी. आवळा व बेल हलक्या, मुरमाड जमिनीतही वाढतात. पाणी साचणारी भारी काळी जमीन मात्र दोघांनाही मानवत नाही.

दोन वृक्षांतील अंतर वीस हात उत्तम, सोळा मध्यम आणि बारा हात कनिष्ठ, असे वराहमिहिराने म्हटले आहे. वीस हात म्हणजे सुमारे नऊ मीटर. आजचे उद्यानशास्त्रही आवळ्यासाठी आठ ते दहा मीटर अंतर सांगते. तेव्हा लहान अंगणात एकच मोठा वृक्ष लावावा आणि बाकीच्या जागी लिंबू, फालसा व कुंपणाला करवंद असा विचार करावा. फालसा, म्हणजे परूषक, बीजापासून दुसऱ्या वर्षीच फळ देऊ लागतो. बेहडा व बिब्बा अंगणात लावू नयेत. पहिल्याचा विस्तार घराला न पेलणारा आणि दुसऱ्याचा रस मुलाबाळांना अपायकारक आहे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून त्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

अंबु

नवी रोपे तहानेने मरतात त्यापेक्षा अतिजलाने अधिक मरतात. कोवळे रोप मातीलगत कुजून कोलमडते, त्याचे कारण बुरशी व सततचा ओलावा हे असते. पिशवीतील वरचा थर सुकल्यावरच झारीने पाणी द्यावे. जमिनीत लावल्यावर पहिले दोन-तीन उन्हाळे महत्त्वाचे असतात. बुंध्याजवळ सच्छिद्र मडके पुरून ते आठवड्यातून एक-दोनदा भरावे व भोवती पाल्याचे आच्छादन करावे. बाहेरगावी शिबिराला जाणाऱ्या वैद्यास हा उपाय फार सोयीचा आहे.

किती वर्षे वाट पाहावी?

बीजापासून लिंबू पाच-सहा वर्षांत, आवळा सहा ते आठ, जांभूळ व बेल साधारण आठ ते दहा वर्षांत फळतो. कवठाला पंधरा वर्षेही लागतात. तोवर झाड निरुपयोगी असते असे नाही. छर्दीमध्ये आम्र-जंबू पल्लवांचा क्वाथ ग्रंथोक्त आहे, बिल्वपत्रांचा उपयोग तर नित्याचा आहे. पहिली तीन वर्षे मात्र पाने तोडू नयेत.

बेलाच्या बाबतीत अंगणातील झाडाचा विशेष लाभ आहे. इतर फळे पक्व असता गुणवान, बिल्व मात्र अपक्व असता गुणवान, असे भावप्रकाशकारांचे मत आहे. ग्रहणी-अतिसारात आपल्याला कोवळ्या फळाचाच गर हवा असतो. वाळलेल्या कापांवरून फळ किती कोवळे होते हे ओळखणे कठीण, पण झाड दारात असले की फळ केव्हा उतरवावे हे वैद्याच्या हाती राहते.

च्यवनप्राशातील पाचशे आवळे

औषधनिर्मात्यांसाठी एक मुद्दा स्वतंत्रपणे मांडतो. चरकोक्त च्यवनप्राशात आवळे वजनाने नव्हे तर संख्येने, पाचशे, घेण्यास सांगितले आहे आणि मत्स्यण्डिका अर्धी तुला, म्हणजे पन्नास पळे. पळ ४८ ग्रॅमचे धरल्यास ती २.४ किलो होते. रानआवळा पाच ते दहा ग्रॅमचा धरला तर पाचशे फळे अडीच ते पाच किलो भरतात आणि प्रमाण जुळते. ‘नरेंद्र आवळा-७’ सारख्या जातीचे फळ सुमारे चाळीस ग्रॅमचे असते. तशी पाचशे फळे वीस किलो होतात, आणि तेवढ्या गराला २.४ किलो शर्करेत अवलेहाचे स्वरूप येणे अशक्य आहे.

यावरून संहितेतील आमलक हा लहान फळाचा, बीजापासून वाढलेला वन्य आवळा असावा, हे अनुमान सयुक्तिक ठरते. मोठ्या आवळ्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. त्यात गर अधिक व धागे कमी असल्याने मुरांबा त्याचाच करावा. परंतु दोन्ही आवळे एकाच पिंपात मिसळू नयेत. मोठे फळ वापरताना संख्या सोडून वजनाचे प्रमाण धरावे व नोंदवहीत ‘वन्य’ की ‘कलमी’ हे लिहावे. वन्य आवळ्याची झाडे बांधांवरून व माळांवरून तोडली जात आहेत. अंगणात बीजापासून आवळा लावणे हा ती जात राखण्याचा आपल्या आवाक्यातील मार्ग आहे.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास कायद्याने परवान्याची सूट दिली आहे. विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्या औषधालयाने मात्र घरच्या अंगणातील फळांचीही कच्च्या मालाप्रमाणे नोंद व परीक्षा करावी. घरचे आहे म्हणून तपासणी टाळणे योग्य नव्हे.

उपसंहार

हा लेख लिहिताना आम्ही चाळिशी ओलांडलेली आहे. आज लावलेले कवठ आम्हाला साठीच्या उंबरठ्यावर फळ देईल, आणि हिरडा कदाचित आमच्या गादीवर बसणाऱ्या पुढच्या वैद्याला देईल. आमच्याकडे अनुभवासाठी येणाऱ्या नवपदवीधरांपैकी अनेकांनी हिरडा फक्त चूर्णरूपात पाहिलेला असतो. त्यांना झाड दाखवावयाचे तर ते कोणीतरी वीस वर्षांपूर्वी लावलेले असावे लागते. आपल्या गुरुजनांनी ज्या झाडांच्या सावलीत आपल्याला द्रव्यगुण शिकविला, त्यांतील किती झाडे आज उभी आहेत, हे प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे.

म्हणून समस्त वैद्यवर्ग व औषधालयचालक यांना आमची विनंती अशी. येत्या हिवाळ्यात वन्य आवळ्याच्या आठळ्या वाळवून बिया काढाव्यात व पावसाळ्याच्या तोंडावर पेराव्यात. ग्रीष्माच्या अखेरीस जांभूळ खाल्ल्यावर बी डब्यात न टाकता त्याच आठवड्यात पिशवीत टाकावी. प्रत्येक रोपास बीज कोठून आणले, केव्हा पेरले, केव्हा उगवले याची पाटी लावावी व एक वही ठेवावी. उगवलेली जादा रोपे फेकू नयेत, ती सहव्यवसायी बंधुभगिनींना द्यावीत. आमच्याकडील आवळ्याची व बेलाची रोपे वर्षाऋतूच्या आरंभी लावण्याजोगी होतात. मागावयास येणाऱ्याने एवढेच करावे, आपल्या अंगणातील एखादे ताजे बीज सोबत आणावे.